१९५३ची क्रिस-क्राफ्ट रिव्हिएरा, १८,५०० डॉलर सांगतायत. बोलणी कशी करू?

प्रश्न
मिशिगनमध्ये १८ फुटी रिव्हिएरा, म्हणजे क्रिस-क्राफ्ट कंपनीची जुनी लाकडी मोटरबोट, बघून ठेवली आहे. इंजिन मॉडेल के, ९५ हॉर्सपॉवर. व्हार्निश आरशासारखं. तळ "ओरिजिनल पण मजबूत" असं मालक म्हणतात. दोन वर्षं बोट पाण्यात उतरलेली नाही. ट्रेलरसकट १८,५०० मागतायत. इसार देण्याआधी काय तपासू आणि किती म्हणू?

उत्तर १
आकडा आत्ता बोलूच नका. व्हार्निश विसरा, तळाखाली आडवे व्हा.

या बोटींचा तळ दोन थरांचा असतो: फळ्यांचे दोन थर, मध्ये लेपात भिजवलेलं कॅनव्हास, आत लाकडी फासळ्या. सत्तर वर्षांत ते कॅनव्हास सडतं, ओल धरून ठेवतं आणि आतला थर खाऊन टाकतं. बाहेरून रंग मात्र छान दिसतो.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे टोचा दाबून बघा. कीलला (तळाच्या मधल्या कण्याला) लागून असलेली पहिली फळी, चाइनची (तळ आणि बाजू जुळतात तिथली) कड, ट्रान्समचे (मागच्या सपाट भिंतीचे) खालचे कोपरे आणि पंख्याचा शाफ्ट बाहेर येतो ती जागा, इथे हमखास मऊ लागतं. मग मालकांना विचारून तीन-चार ठिकाणचे स्क्रूवरचे लाकडी बूच काढा आणि स्क्रू बाहेर घ्या. पितळी स्क्रू गुलाबी पडला असेल आणि चिमट्यात तुटत असेल, तर त्यातलं जस्त गेलेलं आहे. फळ्या जुन्या रंगाच्या जोरावर उभ्या आहेत असं समजा.

फळ्यांमधल्या फटींवरून मात्र भाव पाडू नका. कोरडी बोट आकसते, दोन-तीन दिवस पाण्यात भिजली की फुगून मिटते. ज्या मिटत नाहीत त्यांची चिंता करायची.

उत्तर २
इंजिनाबद्दल. पोचल्या पोचल्या ब्लॉकला हात लावा. गरम असेल तर आधीच चालू करून ठेवलंय. पुन्हा थंड असताना यायचं. हे इंजिन तळ्याच्याच पाण्यावर थंड होतं, त्यामुळे मिशिगनच्या थंडीत पाणी आत राहून गेलं की ब्लॉक तडकतो. बाजूला वेल्डिंग किंवा इपॉक्सीची रेघ शोधा. डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ तेल दिसलं तर पाणी आत शिरतंय.

कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजताना इंजिन गरम, सहाही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर बहुधा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरच्या झाकणामधलं सील) गेलंय, एकटाच कमी असेल तर बहुधा अडकलेला व्हॉल्व्ह. गॅस्केटचं काम स्वस्तात होतं.

प्रश्नकर्ता
फोनवर विचारलं. बूच काढायला मालक नाही म्हणाले.

उत्तर १
मग तळ गेलाच आहे असं धरून भाव करा. अशा बोटीचा पूर्ण तळ बदलायचा खर्च पाच आकडी डॉलरमध्ये जातो. लाकडी बोटींच्या कारागिराकडून लेखी अंदाज आणा आणि तोच मालकांसमोर ठेवा: "तळ चांगला असता तर हे दिले असते, त्यातून एवढे वजा." बोटीला नावं ठेवू नका. ज्याने ती इतकी वर्षं जपली, तो कागदावरचा हिशेब ऐकतो, टीका ऐकत नाही. तळ आधीच बदललाय असा दावा पुढे आला, तर तो उघडा असतानाचे फोटो मागा.

उत्तर ३
कागद राहिले. २० फुटांखालची असली तरी इंजिन कायमचं बसवलेलं आहे, म्हणून मिशिगनमध्ये टायटल (मालकीचा सरकारी कागद) लागतं. १९५३च्या बोटीवर आजचा १२ अक्षरी नंबर नसणार, तेव्हा लाकडावर ठोकलेला हल नंबर (बोटीच्या सांगाड्याचा क्रमांक) टायटलशी अक्षर न अक्षर जुळवा. त्याच नंबरावरून व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियमकडून मूळ हल कार्ड (कारखान्याची त्या बोटीची नोंद) मागवता येतं. कारखान्यातून कोणतं इंजिन लावून निघाली ते त्यावर असतं. इंजिन बदललेलं निघालं तर "ओरिजिनल"चा भाव देऊ नका.

इसार देताना लिहून घ्या: सर्व्हे (तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी) आणि पाण्यावरची चाचणी समाधानकारक नसेल तर पूर्ण रक्कम परत. ट्रेलरचे कागद वेगळे मागा. आणि जमलं तर ऑक्टोबरपर्यंत थांबा, हिवाळ्यात बोट ठेवायचं भाडं डोळ्यासमोर आलं की मालकही आकड्यावर बोलायला तयार होतात.