टेस्टिंगच्या रांगेतलं कामही चालू कामच

सॉफ्टवेअर टीममध्ये कोड मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळला, की डेव्हलपरपुरती स्टोरी (ग्राहकासाठी करायचं एक छोटं काम) संपली, ती चालू कामात मोजू नये, असं काही जण म्हणतात. हे मत मला अजिबात पटत नाही. ग्राहकाच्या हातात तोवर काहीच पडलेलं नसतं. आणि टेस्टरला बग सापडला की तीच स्टोरी परत त्याच डेव्हलपरकडे येते, तेव्हा ती त्याच्या डोक्यातून पार गेलेली असते. रांगांच्या गणिताचे अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे कामी येतो: चालू कामांची सरासरी संख्या म्हणजे कामं पूर्ण होण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी वेळ. बोर्डावर, म्हणजे चालू कामांची कार्डं लावलेल्या फळ्यावर, २४ स्टोऱ्या आहेत आणि रोज सरासरी ३ बाहेर पडतात, तर एकीला सरासरी ८ दिवस लागणारच, मॅनेजरने कितीही फॉलोअप घेतला तरी. अर्थात येणारी आणि जाणारी कामं साधारण सारखी असतील तरच हा हिशोब जुळतो. रिलीजच्या तोंडावर नुसती भर पडत असेल तर नाही.

शिवाय नुसता आकडा पुरत नाही, कामाचं वय बघा. हिंजवडीत आमच्या टीमच्या बोर्डावर 'टेस्टिंगसाठी तयार' असा वेगळा कॉलम आहे. तिथे पडून असलेल्या प्रत्येक कार्डावर रोज सकाळी पेनने एक टिंब द्यायचं. टिंबांनी भरलेली कार्डं बघितली तेव्हा कळलं, बहुतेक वेळा टेस्टर मोकळे होते, टेस्ट एन्व्हायर्नमेंटच (जिथे सॉफ्टवेअर चालवून तपासायचं ती यंत्रणाच) मिळत नव्हतं! टेस्टरवर खापर फोडण्याआधी हे तपासा, आणि त्या कॉलममध्ये जास्तीत जास्त किती कार्डं असावीत याला मर्यादा घाला. ती भरली की डेव्हलपरने नवी स्टोरी न उचलता टेस्टिंगला हातभार लावायचा.