उत्तेजकांनी काही होत नाही म्हणे! कुणी सांगितलं?

लाल माती:
काल सायकलस्वार यांनी लिहिलं की खेळाडू घेतात ती उत्तेजकं म्हणजे निव्वळ मनाचा खेळ, शरीरात काही घडत नाही, तेव्हा बंदी आणि चाचण्या हे सगळं थोतांड. खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी तालमीत पोरं घडवतो. ती उद्या हेच मला वाचून दाखवणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

होतंय, आणि चांगलंच होतंय. १९९६ साली अमेरिकेत भसीन आणि सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांवर प्रयोग केला. दहा आठवडे, दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून वजन साधारण २ किलोनं वाढलं. व्यायाम न करता फक्त सुई घेणाऱ्यांचं ३ किलोच्या वर. दोन्ही करणाऱ्यांचं ६ किलो. घाम गाळणाऱ्यापेक्षा बसून सुई घेणाऱ्याच्या अंगावर जास्त मांस चढलं. याला मनाचा खेळ कसं म्हणायचं? औषध नसलेली खोटी सुई घेणारेही त्या प्रयोगात होतेच की.

बायकांची ४०० मीटर बघा. पूर्व जर्मनीच्या मारिटा कोखचा ४७.६० सेकंदांचा विक्रम १९८५ चा आहे, अजून मोडलेला नाही. ती स्वतः कधी चाचणीत सापडली नाही, पण तिथं सरकारच खेळाडूंना असल्या गोळ्या चारत होतं हे बर्लिनची भिंत पडल्यावर कागदपत्रांसकट बाहेर आलं. एखादं सरकार वर्षानुवर्षं उगाच खर्च करेल का?

सायकलस्वार:
दादा, माझं अर्धंच वाक्य उचललंत. २०१७ चा फ्रान्समधल्या व्हाँतू डोंगरावरचा प्रयोग वाचलाय का? ४८ सराव असलेले सायकलपटू, निम्म्यांना ईपीओ, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. प्रयोगशाळेत ईपीओवाल्यांची ताकद थोडी जास्त भरली. पण खऱ्या रस्त्यावर, शंभरावर किलोमीटर मारून डोंगर चढायला लावला तेव्हा वेळेत फरक नाही! सायकलपटू आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली, आणि ज्या औषधांपायी काढली त्यातल्या एकाचा हा निकाल.

आणि १९७२ चा प्रयोगही घ्या. वजन उचलणाऱ्या पोरांना स्टेरॉइड (टेस्टोस्टेरॉनसारखं औषध) म्हणून साध्या गोळ्या दिल्या, तरी उचल वाढली. मी गगनबावड्याचा घाट सायकलनं चढतो. पाय संपतात तेव्हा माणूस कशावर चढतो हे मला ठाऊक आहे.

लाल माती:
व्हाँतूवर शर्यत शेवटच्या सुईनंतर बारा दिवसांनी झाली, हे का गाळलंत? आणि ते हौशी गडी होते, टूरमधले नव्हेत. टूरमध्ये तीन आठवडे रोज झिजायचं असतं, आणि तिथं रक्त घट्ट करण्याची चढाओढ इतकी लागली होती की १९९७ मध्ये सायकल संघटनेला हिमॅटोक्रिटवर (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर) ५० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. मन काम करतं हे मला मान्य आहे. पण मन आणि सुई दोन्ही असलेला गडी नुसतं मन असलेल्याला पाडतो.

जुना पैलवान:
आमच्या वेळी कोल्हापुरात गंगावेशीच्या तालमीत म्हशीचं धारोष्ण दूध, बदामाची थंडाई आणि पहाटेच्या जोर-बैठका, एवढ्यावर खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरायचो. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते कुठल्या सुईवर? आता दूध परवडंना, बदामाचा भाव ऐकून घाम येतोय, आणि मॅटवर सहा मिनिटांत निकाल पाहिजे. मॅटनंच वाट लावली. मातीत दम लागायचा, दम काय बाटलीत मिळत नाही.

मेडिकलवाला:
काका, मॅटचं सोडा. सध्या काउंटरवर जे चाललंय ते कुस्तीचं नाहीच, पोलीस भरतीचं आहे. मेफेन्टरमाइन मागायला पोरं येतात. ऑपरेशन चालू असताना रक्तदाब पडला तर देतात ते हे औषध. गेल्या महिन्यात एक पोरगं आलं, बूट चिखलानं भरलेले, डोळे तांबारलेले. चिठ्ठी नाही. मी नाही म्हटल्यावर हळूच म्हणालं, "मग नुसती सिरिंज तरी द्या." बाटली खिशातच होती त्याच्या.

भरतीवाला:
मेडिकलवाल्यांनी साळसूदपणा करू नये. चिठ्ठीशिवाय कोण विकतं हे अख्ख्या गावाला म्हाईत हाय. मैदानी परीक्षा ५० मार्कांची, त्यातले २० एकट्या १६०० मीटरला. मागच्या खेपेला माझं एका मार्कानं गेलं. माझ्या शेजारी पळणारा टोचून आला होता, दम लागला नव्हता त्याला. तो आत, मी बाहेर. आता मला सांगा, काही होत नाही म्हणून.

मेडिकलवाला:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी चिठ्ठीशिवाय विकत नाही, त्यावरून दोनदा शिव्या खाल्ल्यात. निम्मा माल पार्सलनं येतो, दुकानाची पायरीही चढत नाही.

भरतीवाला:
मग तक्रार का करत न्हाईसा? दहा जणं विकतात, नावं तुम्हाला पाठ असतील.

मेडिकलवाला:
केलीय. लेखी केलीय. पुढं काय झालं ते साहेबांना विचारा, माझ्यावर डाफरू नका.

रंकाळ्याची ताई:
भांडणं थांबवा आणि ऐका. माझ्या धाकट्या भावानं हेच केलं. ग्राउंड चांगलं गेलं, खोटं नाही बोलणार. पण मग नुसत्या सरावालाही लागायला लागलं, नंतर सरावाशिवायही. रात्र रात्र झोप नाही, छाती धडधडायची, आईवर धावून जायचा, दारामागं कुणीतरी उभं आहे म्हणायचा. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हा म्हणाला, जिममधल्या दादानं सांगितलं व्हिटॅमिन आहे. सायकलस्वार, तुम्ही 'शरीरात काही घडत नाही' लिहिता तेव्हा असली पोरं ते वाचतात.

सायकलस्वार:
ताई, वाईट वाटलं. पण मी भरतीबद्दल लिहिलं नव्हतं, व्यावसायिक खेळाबद्दल लिहिलं होतं. तिथं ग्रोथ हॉर्मोन घेऊन वाढलेल्या वजनात बरंचसं पाणीच असतं, ताकद वाढल्याचा भक्कम पुरावा नाही. तेही नाकारणार का?

लाल माती:
नाही नाकारत. ग्रोथ हॉर्मोनच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, घ्या. पण एका औषधाचा निकाल सगळ्यांना लावू नका. १९७७ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांच्या संघटनेनं जाहीर केलं की स्टेरॉइडनं ताकद फारशी वाढत नाही. जिममधल्या पोरांना आरशात उलटं दिसत होतं. डॉक्टर ताकदीबद्दल खोटं बोलतात म्हटल्यावर लिव्हर-हृदयाबद्दल जे खरं सांगत होते त्यावरही पोरांनी विश्वास ठेवला नाही. संघटनेनं १९८४ मध्ये भूमिका बदलली, तोवर व्हायचं ते झालं होतं. मला तालमीत तसं नकोय. मी पोरांना सांगतो, अंग वाढेल, आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. सोडलंस की अंग उतरतं, उमेद जाते, पुढं मूल होताना अडचण येते. आणि सापडलास तर चार वर्षं घरी. २०२३ मध्ये भारतातले ५,६०६ नमुने तपासले, २१३ पॉझिटिव्ह निघाले. ती पोरं वेडी नव्हती. उपयोग होतो म्हणूनच घेत होती.

सायकलस्वार:
ठीक आहे. स्टेरॉइड आणि ताकदीचे खेळ यापुरतं मी 'काही होत नाही' मागं घेतो. सायकलीबद्दल नाही. आणि बंदीनं हे थांबलेलं नाही, हे तुमच्याच आकड्यातून दिसतंय.

जुना पैलवान:
दुधाचं कुणीच बोललं नाही. पोराच्या पोटात खुराक नसंल तर ते सुईच शोधणार. आधी तालमींना खुराकाचं मानधन वेळेवर द्या, मग चाचण्या करा.

भरतीवाला:
लाल माती दादा, एकच सांगा. न टोचता १६०० ला दहा सेकंद कमी हुतील का? पुढच्या भरतीला वय निघून जातंय.

लाल माती:
भावा, होतील, पण आठवड्यात नाही. रोज सोळाशेच पळत बसू नकोस. आठवड्यातनं दोनदा ४०० च्या फेऱ्या घड्याळ लावून, मध्ये चालत विश्रांती, बाकी दिवस लांब आणि सावकाश, एक दिवस पूर्ण सुट्टी. चार महिने धर. तुझं आत्ताचं टाइमिंग इथं लिही, फेरीचे सेकंद काढून देतो.