दवाखान्याच्या पाटीवर परदेशातली एम.डी. कशी लिहायची?

पाटीवाला_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंड्याला माझं पाट्या करायचं दुकान आहे, तीस वर्षं होत आली. आधी पत्र्यावर इनॅमलने ब्रश मारायचो. खाणी चालू होत्या तेव्हा उसगाव, धारबांदोड्याच्या ट्रकांची फाळकी मीच रंगवायचो. २०१२ साली खाणी थांबल्या आणि माझा ब्रशही थांबला. मग कॉम्प्युटर घेतला. आता एसीपी शीट, अ‍ॅक्रेलिक, एलईडी, सगळं करतो. पण कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

गेल्या आठवड्यात ओळखीचे एक निवृत्त मास्तर आले, सोबत त्यांची मुलगी. ती किर्गिझस्तानात, बिश्केकला डॉक्टरकी शिकून आली. इथली परीक्षा पास झाली, इंटर्नशिप झाली, गोवा मेडिकल कौन्सिलचा नंबरही मिळाला. कुर्टीला फार्मसीला लागून एक खोली घेतली आहे, तिथे दवाखाना. पाटी चार फूट बाय अडीच. मास्तरांनी मजकूर वहीच्या कागदावर लिहून आणला होता. अक्षर असं की स्कॅन करून तसंच कापावं:

डॉ. अमुक तमुक
एम.डी.
(किर्गिझस्तान)
फिजिशियन

वर तोंडी सूचना, "एमडी मात्शें व्हडलें घाल. कंसांतलें बारीक चलता."

मुलगी अ‍ॅक्रेलिकचे नमुने उलटेपालटे करत उभी होती, एक शब्द बोलली नाही. मास्तर आडवी लावलेली स्कूटर हलवायला बाहेर गेले तेव्हा पटकन म्हणाली, "काका, एमडी एवढं मोठं नको हां. पप्पांना मी सांगते नंतर."

माझी अडचण अशी, की मी एकदा पोळलोय. पाच-सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांची अशीच पाटी केली होती. एमडी नऊ इंच, लालभडक. देशाचं नाव दीड इंच आणि राखाडी रंगात. सगळं त्यांच्या सांगण्यावरून. पुढे कुणा पेशंटच्या मुलाने तक्रार केली, की आम्ही मोठे स्पेशालिस्ट समजून वडिलांना घेऊन गेलो. त्यावर डॉक्टर माझ्या दुकानात, "चूक तुझी, पाटी उतरव, नवी फुकट करून दे." माझ्याकडे लेखी काही नव्हतं. नऊ हजार गेले. तेव्हापासून प्रूफवर सही घेतल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही.

तर मला सांगा:
एमडी लिहिता येतं का? देश लिहावाच लागतो का? शेजारचा फार्मसीवाला म्हणतो, डॉक्टरांचं नाव आमच्या बोर्डावरही टाक, ते चालतं का? आणि मास्तरांना पदवीदानाच्या टोपीतला मुलीचा फोटोही कोपऱ्यात हवाय.

मनिला_म्हापसा

काका, मी फिलिपिन्सहून शिकून आले, आता म्हापशाला प्रॅक्टिस करते. हे सगळं माझ्याही घरात झालंय, फक्त आमच्याकडे मोठी पाटी आईला हवी होती.

आधी घोळ कुठे आहे ते सांगते. आपल्याकडे वैद्यकीची पहिली पदवी एमबीबीएस, साडेचार वर्षं शिकणं आणि एक वर्ष इंटर्नशिप. एमडी त्याच्यानंतरची, आणखी तीन वर्षं, एका विषयातली. ही रीत ब्रिटिशांची. अमेरिकेत आणि फिलिपिन्समध्ये पहिल्याच पदवीला एमडी म्हणतात. किर्गिझस्तान, रशियाकडूनही आपली मुलं 'एमडी फिजिशियन' असं लिहिलेली पदवी आणतात, तीही पहिलीच. चीनला जाणाऱ्यांना मात्र एमबीबीएसच मिळते, त्यांना ही डोकेदुखी नाही. म्हणजे माझ्या सर्टिफिकेटवरचं एमडी खोटं नाही, पण बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, एमबीबीएसनंतर तीन वर्षं रेसिडेन्सी केलेल्या माणसाचं एमडी आणि माझं एमडी एक नाही. पेशंटला हे कुठून कळणार?

त्यात 'फिजिशियन' हा शब्द आणखी वाईट. तिकडे त्याचा अर्थ नुसता डॉक्टर. आपल्याकडे फिजिशियन म्हटलं की लोक समजतात मेडिसिनचा एमडी, शुगर-प्रेशर-हार्टवाला. मास्तरांच्या कागदावर दोन्ही शब्द आहेत.

आणि मुलीला कमी लेखू नका बरं का. परदेशातून शिकून आलेल्यांना एफएमजीई द्यावी लागते, २००२ पासून आहे. ३०० प्रश्न, १५० यावेच लागतात. बऱ्याच वेळा पाचातला जेमतेम एक पास होतो. मी दुसऱ्या खेपेला झाले. पहिल्या वेळी १४३ आले होते, तो आकडा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

माझ्या पाटीवर पदवी देशाच्या नावासकट आहे, खाली 'एमबीबीएस समकक्ष', मग 'फॅमिली डॉक्टर', मग नोंदणी क्रमांक. एफएमजीई लिहिलेली नाही, ती परीक्षा आहे, पदवी नव्हे. कित्येक जण लिहितात. मला ते ड्रायव्हिंग लायसन्सची टेस्ट पास झालो असं गाडीवर लिहिल्यासारखं वाटतं.

खाजन_बांध

पाटीवाले, तुम्ही कशाला डोकं लावताय? गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, पैसे घ्यायचे. पदवी तिची, नंबर तिचा, जबाबदारी तिची.

पाटीवाला_फोंडा

@खाजन_बांध बाब, बरोबर. नऊ हजार तुमचे गेले असते तर मीही हेच म्हटलं असतं.

आणि डोकं लावतो कारण त्या पाटीतली लबाडी मजकुरात नव्हती, मापात होती, आणि माप माझं काम. आमचा साधा हिशोब आहे, दहा फुटांना एक इंच अक्षर. नऊ इंचाचं एमडी नव्वद फुटांवरून, म्हणजे चालत्या स्कूटरवरूनही वाचता येतं. दीड इंचाचा देश वाचायला पंधरा फुटांवर यावं लागतं, आणि तिथे रस्त्यापासून दार तीस फुटांवर होतं. पांढऱ्यावर राखाडी तर पावसाळी उजेडात दहा फुटांवरूनही लागत नाही. म्हणजे देश पाटीवर होता आणि नव्हताही. कागदावर तपासाल तर एक अक्षर चुकीचं नाही.

@मनिला_म्हापसा डॉक्टर, तुमचा मजकूर कामाचा आहे. हा 'समकक्ष' शब्द कुणी सांगितला, की तुम्हीच घातला?

डिचोली_जुना_दवाखाना

चाळीस वर्षं डिचोलीत प्रॅक्टिस केली, आता मुलगा बघतो. काही गोष्टी सांगतो.

डॉक्टरांच्या वर्तणुकीचे नियम २००२ चे आहेत आणि आजही तेच लागू आहेत. २०२३ साली नॅशनल मेडिकल कमिशनने २ ऑगस्टला नवे काढले होते. त्यात स्पष्ट होतं, की परदेशात शिकून इथली परीक्षा पास झालेल्याने कमिशनला मान्य अशी समकक्ष पदवी नावापुढे लावावी, म्हणजे लोकांचा गोंधळ होणार नाही. 'समकक्ष' तिथला. पण २३ ऑगस्टलाच ते सगळे नियम स्थगित झाले, औषधांच्या जेनेरिक नावांवरून डॉक्टर मंडळींनी ओरड केली म्हणून. अंथरुणाबरोबर पोरही बाहेर गेलं असं झालं. तरी कल्पना चांगली होती, आणि ती पाळायला कुणी अडवलेलं नाही.

२००२ च्या नियमांत पाटीवर काय असावं ते मोजून दिलंय: नाव, विद्यापीठाची किंवा कायदेशीर संस्थेची पदवी, किताब, विषय, नोंदणी क्रमांक आणि कुठल्या राज्याची कौन्सिल ते. बस्स. पाटी अवाढव्य नको. प्रिस्क्रिप्शनच्या कागदावरही तेवढंच. नोंदणी क्रमांक दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, सर्टिफिकेटवर आणि पैशांच्या पावतीवरही हवा. पावतीवरचा बहुतेक विसरतात, आमच्या मुलानेही विसरला होता. आणि त्या शाखेची खास पदवी नसताना स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायचं नाही. म्हणून 'फिजिशियन' काढा.

फार्मसीच्या दुकानावर डॉक्टरची पाटी लावणं अयोग्य, असं त्याच कलमात शब्दशः लिहिलंय. खोली वेगळी असेल तर त्या खोलीच्या दारावर लावा, मधल्या भिंतीवरसुद्धा नको. फार्मसीवाल्याला राग आला तर येऊ दे. पाटीवर किंवा लेटरहेडवर स्वतःचा फोटो म्हणजे जाहिरात धरतात, तोही नको. मास्तरांना सांगा, फोटो घरातल्या हॉलमध्ये लावा, तिथे तो जास्त लोक बघतील.

आणखी एक, हे खास आपल्या गोव्यातलं. इंग्लंडहून परतलेल्या एका डॉक्टरांनी पाटीवर 'जीएमसी रजि. नं.' असं लिहिलं होतं. त्यांच्या मनात लंडनची जनरल मेडिकल कौन्सिल. लोकांच्या मनात बांबोळीचं जीएमसी, म्हणजे हे डॉक्टर बांबोळीत आहेत. आणि कायद्याला हवी गोवा मेडिकल कौन्सिल, तीही जीएमसीच! तीन जीएमसी एका पाटीवर. कौन्सिलचं नाव पूर्ण लिहा, अक्षरं वाचवू नका.

आमच्या आजोबांच्या वेळी हा प्रश्न नव्हता. पणजीची एस्कोला मेदिको १८४२ ची, डॉक्टर तिथून तरी यायचा नाहीतर लिस्बनहून. दारावर नाव आणि 'मेदिको', संपलं.

साळावली_पाणी

माझा भाचा यूकेतून एमआरसीपी, म्हणजे तिकडची मेडिसिनमधली पदव्युत्तर परीक्षा, करून आलाय. त्यालाही देश लिहावा लागेल?

डिचोली_जुना_दवाखाना

@साळावली_पाणी ते प्रकरण वेगळं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतल्या पदव्युत्तर पदव्यांना २००८ पासून मान्यता आहे, पण ती पदवी त्या देशात स्पेशालिस्ट म्हणून काम करायला मान्य असली पाहिजे. नुसती परीक्षा पास होणं आणि तिथलं पूर्ण ट्रेनिंग संपवणं यात फरक असतो. भाच्याने आधी कौन्सिलकडे ती पात्रता नोंदवून घ्यावी, मग पाटीचं बघावं. नाव, देश लिहायला लाज कसली? लंडनच्या कुठल्याशा सोसायटीचं पैसे भरून मिळणारं सभासदत्व लोक ऐटीत लिहितात.

मनिला_म्हापसा

@पाटीवाला_फोंडा सरांनी सांगितलंच. मी मजकूर ठरवताना नोंदणी प्रमाणपत्रावर पात्रतेच्या रकान्यात जे आहे ते अक्षर न अक्षर उतरवलं. त्या मुलीलाही तेच सांगा. आणि कच्चा मजकूर कौन्सिलला पत्राने पाठवून पोच घ्या. मी घेतली होती. आईला ती पोच दाखवली तेव्हा कुठे ती गप्प बसली. तिचं म्हणणं होतं, "सहा वर्षं पैसे पाठवले ते 'समकक्ष' लिहायला?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने दागिने सोडवून आणले त्या दिवशी मी पहिली पेशंट तपासली होती, उलट्या होणारी चार वर्षांची पोर.

पाटीवाला_फोंडा

मंडळी, देव बरें करूं. काय झालं ते कळवतो.

मुलीला प्रमाणपत्र घेऊन बोलावलं. मास्तरही आले. प्रमाणपत्रावरची ओळ मी मास्तरांनाच मोठ्याने वाचायला लावली, शिक्षक माणूस, वाचताना चुकवणार नाही. मग कॉम्प्युटरवर दोन प्रूफं शेजारी शेजारी लावली, त्यांच्या मनातलं आणि नवं. दुकानाबाहेर नेलं, रस्ता ओलांडायला लावला आणि विचारलं, "आता वाचा, काय दिसतंय?" पहिल्यातलं ते म्हणाले, "एमडी." दुसऱ्यातलं सगळं वाचलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण मागीर नांव तरी व्हडलें कर." नाव मोठं करायला माझी काय हरकत? सात इंच केलं.

शेवटी ठरलं ते असं. नाव सात इंच. खाली प्रमाणपत्रावरची पदवी देशाच्या नावासकट, एका ओळीत, एका मापात, तीन इंच. 'एमबीबीएस समकक्ष' तेवढ्याच तीन इंचांत. मग 'फॅमिली डॉक्टर'. तळाला नोंदणी क्रमांक, गोवा मेडिकल कौन्सिल, पूर्ण. रंग गडद निळा, सगळीकडे एकच. राखाडी मी दुकानातच ठेवत नाही आता. पाटी फार्मसीच्या बाजूला नाही, तिच्या दारावर. प्रूफवर मुलीने सही केली, मास्तरांनी न विचारता खाली आपलीही केली, तारखेसकट. कौन्सिलची पोच आल्यावर कापायला घेणार.

एकच राहिलं. मास्तरांनी घराच्या फाटकासाठी वेगळी छोटी पाटी सांगितली आहे. कागद परत वहीचाच. त्यावर फक्त मुलीचं नाव आणि पुढे 'डॉ.' जरा मोठं. घरी ती पेशंट बघत नाही, मग ही दवाखान्याची पाटी धरतात की घराची? @डिचोली_जुना_दवाखाना सर, सवडीने सांगा, पितळी अक्षरं ऑर्डर करायची आहेत.