पिस्तुलाचं मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) भरून ठेवलं तर स्प्रिंग बसते (ढिली पडते) का?

ह्यूस्टनकर: ग्लॉक १९ पिस्तूल आहे, १५ राऊंडची (गोळ्यांची) दोन मॅगझिन. एक कायम भरून सेफमध्ये असतं, दुसरं रेंजवर वापरतो. हल्ली रेंजवरच्या मॅगझिनमध्ये शेवटचा राऊंड गेला तरी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे अडकत नाही, पुढे येते. भरून ठेवलेलं तर व्यवस्थित चालतंय, मग सगळे म्हणतात भरून ठेवू नका त्याचं काय?

माजी_सुभेदार_सातारा: भाऊ, तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. चांगल्या स्टीलची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी मरत नाही, सुरुवातीला थोडी आखूड होते आणि मग तिथंच थांबते, ते नॉर्मल आहे. तिला खातं ते सारखं दाबणं-सोडणं, म्हणजे भरा, झाडा, परत भरा. आमच्याकडे इशापूरच्या कारखान्याचं ९ एमएम पिस्तूल होतं, १३ राऊंडचं, तिथंही ट्रेनिंगची मॅगझिनच आधी ढिली पडायची. पण लगेच स्प्रिंग बदलू नका, दोन्हींवर मार्करने नंबर टाका आणि आलटून पालटून चालवा. एकाच नंबरला होत असेल तर दोष मॅगझिनचा, दोन्हींना झालं तर स्लाइड स्टॉपवर (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्यावर) अंगठा टेकतोय का ते बघा, बहुतेक वेळा तेच निघतं.

रेंजवाली_ताई: आणि आधी साफ करा हो! मॅगझिन रिकामं करून मगच तळाची प्लेट काढा, प्लेटवर हात धरून ठेवा नाहीतर स्प्रिंग उडते, चष्मा घालाच. आत वाळू आणि काजळी साचते, फॉलोअर (स्प्रिंगवरचा, गोळ्या वर ढकलणारा तुकडा) अडकतो आणि लोक स्प्रिंगला नावं ठेवतात. कोरड्या कापडाने पुसा, तेल अजिबात नको, तेलावर धूळ चिकटते. स्प्रिंग कशी बसली होती त्याचा फोटो काढून ठेवा, उलटी बसली की फॉलोअर तिरका होतो.

ह्यूस्टनकर: थँक्यू दोघांना. नंबर टाकून बघितलं, रेंजवालंच निघालं, साफ केल्यावरही तसंच. हाताने ताणून थोडी लांब केली तर चालेल का?

माजी_सुभेदार_सातारा: अजिबात नको!! ताणलेली स्प्रिंग चार दिवस बरी वाटते आणि परत बसते, वर तारेचा आकार बिघडतो तो वेगळाच. नवीन स्प्रिंग स्वस्तात मिळते, ती टाका. आणि मॅगझिनचे वरचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या कडा) वाकलेत किंवा चिरलेत का तेही बघा, तसं असेल तर स्प्रिंग बदलून उपयोग नाही, मॅगझिनच बाद करा.

नवीन_मेंबर: मग एआर रायफलच्या ३० गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये २८ च भरतात ते स्प्रिंगसाठी नाही का?

रेंजवाली_ताई: मुख्य कारण वेगळंय, ३० ठासून भरले की बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बंद असताना मॅगझिन नीट वर बसत नाही आणि लॉक न होता खाली पडतं. दोन कमी भरले की आत थोडी जागा राहते आणि खटकन बसतं.