सगळ्या ब्राउजरमध्ये साइट डिट्टो दिसलीच पाहिजे का?

गंगापूररोडकर
दिंडोरीच्या एका द्राक्ष एक्स्पोर्टरची साइट केलीय. माझ्या क्रोममध्ये झकास, शेठच्या आयफोनवर मात्र 'चौकशी करा' बटण खालच्या बारमागे गायब आणि फॉर्ममधला सिलेक्ट (पर्याय निवडायचा डबा) भलताच दिसतो. शेठ म्हणे आमच्या पेटीत मणी मापानं जातो, तुमची साइट दोन फोनवर दोन तऱ्हेची कशी? बरोबरच आहे ना, पैसे घेतो तर सारखं दिसलंच पाहिजे. मी तर आता एरिक मायरचा 2007 चा रीसेट (ब्राउजरची स्वतःची स्टाइल पुसणारी फाइल) टाकून सगळं शून्यावर आणणार.

पंचवटी_कोडर
आणि मग? हेडिंगचा ठळकपणा गेला, लिस्टचे ठिपके गेले, तेच परत लिहीत बस. त्यापेक्षा नॉर्मलाइज नावाची फाइल बरी, कामाचे डिफॉल्ट ठेवते. आणि रीसेटनं तुझं बटण वर येणारच नाहीये भाऊ, आयफोनचा ब्राउजर सफारी 100 व्हीएच (स्क्रीनची पूर्ण उंची) म्हणजे बार लपल्यावरची उंची धरतो. त्याखाली 100 डीव्हीएचची (बारप्रमाणे बदलणारी उंची) ओळ टाक, सफारी 15.4 पासून चालतं, जुन्यांना वरची ओळ आहेच.

सातपूरचा_म्हातारा
आयई 6 ला (जुना इंटरनेट एक्स्प्लोरर) फ्लोट दिला, म्हणजे डबा कडेला सरकवला, की मार्जिन डबल व्हायचं, पारदर्शक पीएनजीमागे करडा डबा दिसायचा, ते भोगलंय आम्ही. आता आयई 2022 ला गेला, मायक्रोसॉफ्टचा एज 2020 पासून क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर. उरलंय काय? उगाच रडताय.

गंगापूररोडकर
काका सफारी उरलीय की! आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकला तरी आत सफारीचं इंजिन वेबकिटच, शेठला 'क्रोममध्ये बघा' म्हणायची पण सोय नाही.

टेस्टरताई
तुम्ही सगळे मजकूर इंग्रजी धरून भांडताय. साइट मराठीत आहे ना? मग मुख्य घोळ फॉन्टचा. अँड्रॉइडवर सहसा नोटो, आयफोनवर कोहिनूर, विंडोजवर निर्मला, प्रत्येकाची रुंदी वेगळी, त्यामुळे एकीकडे एका ओळीत बसलेला मथळा दुसरीकडे दोन ओळी खातो, आणि लाइन हाइट (ओळीची उंची) 1.1 वगैरे ठेवून ओव्हरफ्लो हिडन (बाहेर येणारं लपव) केलं असेल तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार चक्क कापले जातात (हे डिझायनरला कधीच दिसत नाही, कारण त्याच्या फाइलमध्ये लोरेम इप्सम हा लॅटिन भरताड मजकूर असतो). देवनागरी वेबफॉन्ट (साइटसोबत उतरणारा फॉन्ट) स्वतः दे, लाइन हाइट 1.6 च्या आसपास ठेव. हो, आणि इनपुटचा फॉन्ट 16 पिक्सेलपेक्षा लहान असला तर आयफोन टॅप केल्याबरोबर झूम करतो, ते पण बघ.

पंचवटी_कोडर
वेबफॉन्ट जड पडतो पण ताई. बांधावर नेट रडत असतं.

टेस्टरताई
एकच वजन (अक्षराची जाडी) दे, फॉन्ट डिस्प्ले स्वॅप ठेव. तोवर सिस्टीमच्या फॉन्टात वाचतील.

गंगापूररोडकर
डीव्हीएचनं बटण आलं वर, मथळा पण बसला. सिलेक्टला मात्र अपिअरन्स नन देऊन (ब्राउजरचं रूप काढून) माझा बाण लावणारच, बिल माझ्या नावानं जातं.

पंचवटी_कोडर
लाव. आयफोनवर उघडणारी यादी तरी सिस्टीमचीच येणार, तेव्हा शेठला माझा नंबर देऊ नको म्हणजे झालं.