मदत हवी आहे: थायरॉइड असताना वजन कमी करायची चिठ्ठीशिवायची गोळी घ्यावी का?

वय 43, उंची 158 सेंमी, वजन 82 किलो. थायरॉइडची गोळी सहा वर्षं चालू आहे, साखर काठावर. गुडघे दुखतात म्हणून गेले तर डॉक्टर म्हणाले, चार ते आठ किलो उतरले तरी गुडघ्यांना आणि साखरेला फरक पडेल. आठ महिने नेमाने चालते, मोजून जेवते. तीन किलो गेले आणि मग काटा जो अडला तो अडलाच. अगदी रडू येतं हो.

आता समोर दोन गोळ्या आहेत. पहिली ऑर्लिस्टॅट 60 मिग्रॅ. वाचलं त्यावरून समजलं की ही भूक मारत नाही. आतड्यात चरबी पचवणारं लायपेज अडवते, त्यामुळे खाल्लेल्या चरबीतली साधारण पाव चरबी न पचताच बाहेर पडते. आहार सांभाळणाऱ्यांना वर्षभरात त्यामुळे दोन-तीन किलो जास्त उतरतात, एवढंच. बऱ्याच जणांना हा आकडा किरकोळ वाटेल. मला चारच किलो उतरवायचे आहेत, माझ्यासाठी तो मोठा आहे. भीती दुसरीच आहे. मी शिक्षिका आहे. तेलकट जुलाब, अचानक घाई, कपड्यांना डाग, हे सगळं वाचून वर्गात काय होईल या विचाराने पोटात गोळा येतो.

दुसरी गोळी शाळेतल्या एका मैत्रिणीने दिली. डबीवर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं आहे, पण कशात किती हे कुठेच नाही. नऊ दिवस घेतली, अडीच किलो उतरले. भूक जणू मेलीच. पण छातीत धडधड, तोंडाला कोरड, रात्री दोन-दोनपर्यंत जाग. नाडी 74 असायची ती 98 झाली. चार दिवसांपूर्वी थांबवली. थांबवताना जीव हळहळला, कारण काटा खरोखर खाली येत होता.

जाणकारांनी सांगावं: ऑर्लिस्टॅट थायरॉइडच्या गोळीबरोबर चालते का? आणि दुसरी अर्ध्या प्रमाणात घेतली तर?

प्रतिसाद 1

ताई, मी फार्मासिस्ट आहे. दुसरी गोळी अर्धीसुद्धा नको. आणि डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा, तीही याच आठवड्यात. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र तडक दवाखाना गाठा.

तुम्ही सांगताय ती लक्षणं सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध घेणाऱ्यांत दिसायची. हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर 2010 मध्ये ते औषध युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं. पण ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते लपवलेलं पुन्हा पुन्हा सापडलं आहे. तुमच्या डबीत तेच आहे असं तपासणीशिवाय म्हणता येत नाही. तरी धडधड ही धोक्याची खूण समजा. नऊ दिवसांतल्या त्या अडीच किलोंत बरंचसं पाणीच असणार.

नैसर्गिक या शब्दाने निर्धास्त होऊ नका. एफेड्रा वनस्पतीच आहे, पण अमेरिकेने 2004 मध्ये तिच्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. ग्रीन टी पिणं वेगळं आणि त्याच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य रोज 800 मिग्रॅच्या पुढे गेलं की लिव्हरवर ताण येऊ शकतो.

ऑर्लिस्टॅटचा विचार तुमच्या बाबतीत करता येईल, पण डॉक्टरांना विचारूनच. तिच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत निदान चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची सकाळी उठल्या उठल्या घेत असाल तर नाश्त्याला ऑर्लिस्टॅट नकोच, दुपारच्या जेवणापासून घ्या. सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा करून बघा. चरबीबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही वाया जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन झोपताना. जेवणात स्निग्ध काही नसेल तर त्या वेळची गोळी गाळा, उगाच घेऊन उपयोग नाही. गरोदर असाल, पित्तप्रवाह अडल्याचा किंवा आतड्यात अन्न नीट शोषलं न जाण्याचा जुना आजार असेल, सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) किंवा वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल, तर घ्यायचीच नाही. डोळे पिवळे, लघवी गडद दिसली तर लगेच बंद. लिव्हरचा त्रास क्वचितच होतो, पण झालेला आहे. आणि बारा आठवड्यांत वजन हललं नाही तर पुढे रेटू नका.

प्रतिसाद 2

मी चार महिने घेतली होती. वर्गाची भीती अगदी खरी आहे, पण सगळं जेवणातल्या चरबीवर अवलंबून असतं. एका जेवणात साधारण 15 ग्रॅमच्या आत चरबी ठेवली तेव्हा मला काही त्रास झाला नाही. एका समारंभात हात सैल सोडला आणि दुसरा दिवस घरातच गेला. सुरुवात सलग सुट्टीत करा, शरीर कसं वागतं ते कळेल. माझे साडेतीन किलो उतरले. गोळी थांबल्यावर एक परत आला, बाकीचे नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज डॉक्टरांकडे जाऊन आले, डबी दाखवली. रक्तदाब 146/92 निघाला, माझा आजवर कधीच वाढलेला नव्हता. ईसीजी ठीक आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजायचा, तोवर कुठलीच गोळी नाही. मग सुट्टी लागल्यावर ऑर्लिस्टॅट, दुपारी आणि रात्री.

आता झोप लागत नाही ती मैत्रिणीमुळे. ती ही गोळी दोन महिने रोज घेते आहे आणि तिला रक्तदाबाचं औषध आधीपासून चालू आहे. सात किलो उतरलेत, सगळे कौतुक करतात, त्यामुळे माझं ऐकून घेत नाही. तुमच्यापैकी कुणी अशा माणसाला समजावलं आहे का? काय बोललात?