हर्णैच्या बैलगाडीचा फोटो न विचारता बॅनरवर, म्हणे ‘गुगलवर होता’

दापोलीकर_फोटोवाला: परवा एका होमस्टेच्या बॅनरवर माझा फोटो दिसला. हर्णै बंदरातला, लिलावाच्या वेळचा, होडीतली मासळी घेऊन पाण्यातून वर येणारी बैलगाडी, चाक अर्धं पाण्यात आणि मागे सुवर्णदुर्ग. लगेच ओळखला, कारण डाव्या बैलाचं शिंग टोकाला मोडलेलं आहे. तीन संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभा होतो त्यासाठी. मालकाला विचारलं तर म्हणतो गुगलवर होता, खाली कुणाचं नाव नव्हतं. नाव होतं! खालची पट्टी कापून टाकलीय. फार वाईट वाटलं.

गुहागरचा_होमस्टेवाला: नाव कापलं ते चूकच. पण दादा, समुद्र सगळ्यांचा, बैलगाडी दुसऱ्याची, किल्ला सरकारचा, मग फोटोच तेवढा तुमचा कसा? आमचा सीझन दिवाळी ते मे, चार खोल्या, त्यात फोटोग्राफर कुठून परवडणार. बंदराचं नाव होतंय ना, खाली तुमचं नाव टाकलं की मिटलं.

रत्नागिरीची_वकीलताई: नाही मिटत. नाव देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं, धंद्यासाठी वापरताना दोन्ही लागतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही, फोटो काढला की हक्क आलाच. २०१२ च्या दुरुस्तीपासून तर फोटोग्राफरच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. समुद्र सगळ्यांचा हे खरंय हो, तुम्हीही जाऊन काढा की, कोण अडवतंय.

वेंगुर्लेकर: माका ह्या पटणा नाय. असं सगळंच कुलपात घातलं तर गावाकडे राहणार काय? आमच्या जत्रेच्या पुस्तिकेत मी १९४८ च्या छापील कॅलेंडरवरचा देवळाचा फोटो घेतला, जुनं कौलारू छप्पर आणि लाकडी खांब दिसणारा तो एकच फोटो शिल्लक आहे. तर एक जण भांडायला आला, स्कॅन मी केलाय म्हणून माझा! वर आडवा वॉटरमार्क मारलेला.

रत्नागिरीची_वकीलताई: तुमचं बरोबर आहे काका. २०१२ च्या दुरुस्तीआधी फोटोचा हक्क छापल्यापासून मोजायचे, पुढे मुदत ६० वर्षांची झाली तरी १९४८ चा फोटो २००८ संपताच मोकळा. चित्रांचीही ६० वर्षंच, फक्त ती चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात. चित्रकार धुरंधर १९४४ साली गेले, त्यांची चित्रं २००५ पासून पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांना मोकळी. नुसतं मशीनवर ठेवून स्कॅन केलं म्हणून कुणी मालक होत नाही.

गुहागरचा_होमस्टेवाला: मग आता माझं ऐका. खोल्यांचे फोटो मी पाच हजार देऊन काढून घेतले, आणि तो फोटोग्राफर म्हणतो दुसऱ्या साइटवर टाकायचे तर परत पैसे द्या.

रत्नागिरीची_वकीलताई: वेगळा करार नसेल तर कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तुम्हीच. नाव मात्र त्याचंच राहतं, कलम ५७.

दापोलीकर_फोटोवाला: हे मला अजिबात आवडलेलं नाही, उन्हातान्हात आम्ही राबायचं आणि मालक दुसराच. पण कायदा तसा असेल तर यापुढे प्रत्येक कामाचं आधी लिहून घेणार. आणि भाऊ, फुकटच हवेत तर गुगलवर फोटो शोधताना टूल्समध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे मालकानेच काही अटींवर वापरायला मोकळ्या ठेवलेल्या फोटोंचा पर्याय असतो तो लावा, पण त्यातही अटी वाचा, काहींना नुसतं नाव चालतं, काही धंद्याला चालतच नाहीत.

गुहागरचा_होमस्टेवाला: ते बघतो. तरी एका बॅनरसाठी एवढं ताणू नये असंच माझं मत आहे, शेवटी आपण सगळे इथलेच.

दापोलीकर_फोटोवाला: इथलेच आहोत म्हणून तर जास्त लागलं. एक फोन केला असता तर फुकट दिला असता. बॅनर अजून तिथेच आहे, उद्या सकाळी बंदरावर जाताना मूळ फाइल घेऊन त्यांच्याकडे जातोय, कापलेली पट्टी समोर ठेवतो.